चार नंबरची रायफल

दसरा जवळ आला की नगरच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात आणि माझं डोकं फिरतं. बायकोला हे ठाऊक आहे. त्या आठवड्यात ती मला फुलं आणायला पाठवत नाही, स्वतः जाऊन आणते, तोरण बांधते आणि मोकळी होते. लोकांना त्या वासाने सण आठवतो. मला आठवतो शाळेच्या मागचा लांबट हॉल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर ओळीने मांडलेल्या चार एअर रायफली आणि प्रत्येकीच्या नळीला झेंडूची माळ. खंडेनवमीला आम्ही शस्त्रपूजन करायचो. हळदकुंकू, नारळ, पेढे, फोटो, सगळं यथासांग. तीस वर्षं क्रीडाशिक्षक म्हणून मी त्या रायफलींची पूजा केली. त्यांचा वेग एकदाही मोजला नाही.

यंदा नेमक्या त्याच आठवड्यात कुरिअरवाल्याने खोकं आणून दिलं. आत छर्‍याचा वेग मोजायचं यंत्र होतं. क्रोनोग्राफ म्हणतात त्याला. नळीतून सुटलेला छर्रा सेकंदाला किती फूट जातो एवढंच ते सांगतं, दुसरं काही नाही. तेवढंच जर त्याने आठ वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. अर्थात त्याचा काय दोष. मी ते घेतलंच नव्हतं.

आणि आता घेतलं तेही कुणा पोरीसाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मे महिन्यात मी निवृत्त होणार. शाळेने नव्या रायफली घेतल्या, जुन्या चार विकायला काढल्या. दुसर्‍या तालुक्यातल्या एका शाळेचे तरुण सर घ्यायला तयार झाले आणि फोनवर म्हणाले, "सर, चारींचा वेग मोजून तेवढा आकडा पाठवा. त्याशिवाय आमची कमिटी जुनी रायफल घेत नाही." मला राग आला. तीस वर्षांत मला कुणी असलं विचारलं नव्हतं. राग गिळला आणि स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर बसलो. गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर माणूस काय वाटेल ते शोधतो.

त्या दोन दुपारी मी जेवढं वाचलं तेवढं बी.एड.ला वाचलं नसेल. महागातलं यंत्र रडारवर चालतं. नुसतं शेजारी ठेवायचं, छर्‍याच्या वाटेत काही येत नाही. ते शाळेच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि एवढासा छर्रा त्याला नीट दिसतोच असं नाही, अशीही तक्रार लोकांनी लिहिली होती. स्वस्तातलं, दोन खिडक्यांचं. तिपाईवर डबा ठेवायचा आणि त्याच्या वरून छर्रा मारायचा. छर्‍याची सावली पहिल्या खिडकीवर पडली की घड्याळ सुरू, दुसरीवर पडली की बंद. त्याला मोकळा उजेड लागतो. ट्यूबलाइटखाली ते वेड्यासारखे आकडे दाखवतं. आमच्या हॉलमध्ये आजन्म ऊन आलेलं नाही, त्यामुळे ते बाद. तिसरं म्हणजे वीतभर बोगदा. त्याच्या आत त्याचा स्वतःचा दिवा असतो. बाहेर ऊन असो की अंधार, त्याला फरक पडत नाही. मोबाईलच्या चार्जरवर चालतं. नळी सरळ रेषेत धरली नाही तर छर्रा त्यालाच लागायचा, एवढी धास्ती. मी तेच घ्यायचं ठरवलं.

त्या लेखांत एक सल्ला पुन्हा पुन्हा येत होता. यंत्र स्वस्त असलं तर खर्‍या वेगापेक्षा पाच-दहा फूट इकडेतिकडे दाखवेल, त्याने बिघडत नाही. एका गोळीचा आकडा बघू नका. ओळीने मारत राहा आणि पहिल्या आणि शेवटच्या गोळीत फरक किती पडतो ते बघा.

आणि यादीच्या अगदी तळाशी, ज्यांना काहीच परवडत नाही त्यांच्यासाठी, एक फुकटचा उपाय होता. मोबाईल शेजारी ठेवा, आवाज टिपा. एक आवाज गोळी सुटल्याचा, दुसरा टार्गेटवर आदळल्याचा. दोन आवाजांमध्ये किती वेळ गेला ते बघा. वेळ वाढत गेला तर रायफल मंद होत चालली आहे असं समजा.

हे वाचलं आणि मी माउसवरचा हात काढला. शिपाई चहा ठेवून गेला, तो तसाच राहिला.

"सर, मागल्या गोळ्या उशिरा लागत्यात." हे मला कावेरीने सांगितलं होतं. "वीसेक झाल्या ना, की आवाज ढिला पडतो. आदी टप-टप येतो, मंग ट...प असा येतो." तिने हाताच्या पंजावर बोट आपटून दाखवलंसुद्धा होतं.

कावेरी पाथर्डीकडची. आठवीला आमच्या मुलींच्या वसतिगृहात आली, नववीत माझ्याकडे. आईबाप दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचे, गुढीपाडव्यापर्यंत गाव ओस. घरी थांबायला कुणी नाही. आठवीपर्यंत तिला वसतिगृहात जागा होती. नववीपासून जागा कमी, अर्ज जास्त. खेळाडूंसाठी म्हणून एक जागा राखून ठेवलेली. मुख्याध्यापकांनी तिला माझ्यासमोर सांगितलं होतं की स्पर्धेपर्यंत राहा, जिल्ह्यातून विभागाला निवड झाली तर ती जागा दहावीपर्यंत तुझी. नाही झाली तर बाप घेऊन जाणार, फडातल्या खोपटात, कोपीवर भाकर्‍या थापायला आणि लहान भावंडं सांभाळायला. जिल्ह्यातून पहिल्या तीन जात. एवढा साधा हिशोब होता, आणि तो तिला माझ्यापेक्षा चांगला कळत होता.

पोरगी सावळी, काटक, बोलायला कमी. खांदा असा की रायफल भिंतीला टेकवून ठेवावी तशी ठेवायची. बादलीभर पाणी डोक्यावर घेऊन रान तुडवलेली मान तिची, ती हलायची नाही. पहिल्याच महिन्यात मी ओळखलं की ही आपल्याला नाव काढून देणार. हो, आपल्याला. मला तेव्हा असंच वाटायचं.

आणि एवढं ओळखूनही मी तिला चार नंबरची रायफल दिली. रिवाजच होता तसा. नव्या पोराला चार नंबर. एक, दोन, तीन जुन्यांच्या. चार नंबर सगळ्यांत जुनी, तिच्या लाकडावर आधीच्या पोरांच्या गालांचे डाग. कडक रायफलीवर शिकलं की पुढे कुठलीही हलकी वाटते, असं मी पालकांना ऐटीत सांगायचो. हे मी स्वतः कुठून शिकलो ते मला आजतागायत आठवत नाही.

रोज सकाळी सिलिंडरमध्ये हवा भरून मी प्रत्येक रायफलीतून पाच गोळ्या मारायचो. चार नंबरच्या पाचही काळ्या ठिपक्यात बसायच्या. मग ती कावेरीच्या हातात द्यायचो. ती चाळीस मारायची. पहिल्या वीस नऊ-दहाच्या. मग एकेक गोळी खाली उतरायला लागायची. आठ, सात, सहा, सगळ्या बरोबर सहा वाजता. म्हणजे घड्याळात जिथे सहाचा आकडा असतो तिथे, मध्याच्या थेट खाली. मी तिच्या मागे उभा राहून जिभेने टाळूवर चक् करायचो. पोरगी थकते, खांदा सोडते, श्वास लवकर टाकते. मला सगळं दिसत होतं. जे नव्हतं तेसुद्धा दिसत होतं.

तिने आवाजाचं सांगितलं तेव्हा मी तिच्या हातातून रायफल घेतली, सिलिंडर पुन्हा भरला, पाच गोळ्या मारल्या. पाची मध्यावर. "बघ," म्हटलं, "रायफल ठीक आहे. रायफलीला नावं ठेवणारा नेमबाज मी मोठा झालेला पाहिला नाही. तुझं मन थार्‍यावर नाही. श्वासाकडे लक्ष दे."

"व्हय सर," ती म्हणाली.

पोरगी हुशार. तिने स्वतःच उपाय काढला. वीस गोळ्या झाल्या की नेम धरायच्या मागच्या काचेशेजारचा, नेम वरखाली करायचा डायल हळूच दोन खटके वर फिरवायची, तिसाला आणखी दोन. चाळीस गोळ्या मध्यावर. त्या दिवशी तिचे गुण बघून मी खूश झालो, आणि मग तिचा अंगठा डायलवर पाहिला. काय संतापलो मी. मॅच चालू असताना डायलला हात लावणं म्हणजे आपल्या नेमावर आपलाच विश्वास नसणं, असं लांबलचक व्याख्यान सगळ्या पोरांपुढे तिला दिलं. मग टेबलाच्या खणातून खाकी चिकटपट्टी काढली आणि त्या डायलवर दोन फेरे गुंडाळून टाकले. "आता श्वासावर खेळ," म्हटलं.

चिकटपट्टीला तिने नंतर एकदाही हात लावला नाही. सरांनी लावलेली ना.

आमच्या रायफली दुरुस्त करायला शमुवेल काका यायचे. लष्कराच्या कॅम्पात आयुष्यभर हत्यारं दुरुस्त केलेला माणूस, निवृत्त झाल्यावर सायकलवर अवजारांची पेटी घेऊन फिरायचा. रविवारी चर्च आणि इतर दिवशी कुणाची तरी बिघडलेली वस्तू, एवढंच त्यांचं जग. त्यांनी कावेरीला चाळीस गोळ्या मारताना एकदा मागे बसून ऐकलं. हो, ऐकलं, डोळे मिटून बसले होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, पोरगी बरोबर बोलते. हवा कुठंतरी मरते. वेग मोजायचं एक मशीन मागवा, फार भारीचं नको. आकडा हातात असला की मी खोलतो."

शाळेची रायफल खोलायची तर मुख्याध्यापकांचं पत्र लागायचं, त्यात कारण लिहायचं. मी हसलो. "काय कारण लिहू काका? पोरीच्या कानाला आवाज ढिला लागतो, असं लिहू?"

काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि पेटी उचलली.

मशीनचं मी अगदीच मनावर घेतलं नाही असं नाही. तेव्हाही एक दुपार शोधलं होतं. नेमबाजीच्या नावाने त्या वर्षी थोडे पैसे आले होते, त्यात साधं यंत्र सहज बसत होतं. पण जिल्ह्याच्या स्पर्धेला आपली पोरं गबाळी दिसतात हे मला फार दिवस खुपत होतं. मी ट्रॅकसूट घेतले. निळे, पाठीवर शाळेचं नाव. फोटोत फार छान दिसतात. तो फोटो स्टाफरूममध्ये अजून आहे, त्यात कावेरी डावीकडून दुसरी. बाह्या तिला लांब झाल्या होत्या, त्या तिने दुमडल्या आहेत.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी काका आले, पेटी घेऊनच. म्हणाले, "पत्र राहू द्या. शाळेला सुट्टी आहे, कोण बघतंय. अर्धा तास द्या मला, चार नंबर खोलतो." पण मी तोवर चादर अंथरली होती. रायफली मांडून झाल्या होत्या, माळा घातल्या होत्या. पूजेला मांडलेलं हत्यार दुसर्‍या दिवशी सोनं वाटून होईपर्यंत हलवत नाहीत. उचलायचंही नाही, मग खोलणं दूरच. मी म्हटलं, "काका, आज नको. बरं दिसत नाही."

"आणि दसर्‍यानंतर?"

"दसर्‍यानंतर दोन दिवसांनी स्पर्धा. स्पर्धेच्या तोंडावर रायफल खोलत नाहीत."

"तेही खरं," काका म्हणाले. त्यांनी पेढा घेतला आणि गेले.

मग पोरं आली. प्रत्येकाने आपापल्या रायफलीला हळदकुंकू वाहिलं. कावेरीने चार नंबरला वाहिलं, वाकून तिच्या लाकडाला कपाळ लावलं आणि किती तरी वेळ उठलीच नाही. मागची पोरं चुळबुळ करायला लागली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. संस्कार, वगैरे.

स्पर्धेच्या दिवशी तिचा बाप आला होता. टोळीचा ट्रक परवा निघणार होता. हॉलच्या बाहेर लिंबाखाली बसला, टोपी मांडीवर. आत यायला सांगितलं तर म्हणाला, "नगं सर, मी हितंच बरा. पोरीचं ध्यान मोडायचं."

वीस गोळ्यांपर्यंत कावेरी दुसरी होती. मी बोर्डाकडे बघत होतो आणि मनातल्या मनात मुख्याध्यापकांना सांगायची वाक्यं जुळवत होतो. तेविसावी आठ. सव्विसावी सात. सगळ्या सहा वाजता. एकतिसाव्या गोळीनंतर तिने रायफल टेकवली आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. बोलता येत नाही तेव्हा, नियम आहे. तिने फक्त आपल्या कानाला बोट लावलं. मी छातीवर हात ठेवून वरखाली करून दाखवलं. श्वास घे. ती वळली. डायलवरची खाकी चिकटपट्टी मला मागून दिसत होती. शेवटच्या सगळ्या सहा आणि पाच. ती नववी आली.

बाहेर बापाने विचारलं, "सर, काय झालं हो?"

कावेरी शेजारीच उभी होती. मी म्हटलं, "हात चांगला आहे तिचा. पण मन थार्‍यावर नाही. ध्यानच लागत नाही."

"ध्यान न्हाई," तो म्हणाला आणि पोरीकडे बघितलं. ओरडला नाही की काही नाही. त्याच दुपारी वसतिगृहातून तिची पत्र्याची पेटी घेऊन दोघं माळीवाडा स्टँडकडे गेले. ट्रॅकसूट तिने घडी करून माझ्या टेबलावर ठेवला होता. पुढच्या वर्षी तो दुसर्‍या पोरीला झाला.

आठ वर्षं मी ही गोष्ट अशी सांगत आलो की पोरगी गुणी होती, पण परिस्थिती. परिस्थिती हा फार सोयीचा शब्द आहे. तो उच्चारला की समोरचा मान हलवतो आणि आपण सुटतो.

यंदा खोकं उघडलं आणि हॉलमध्ये एकटाच गेलो. एक, दोन, तीन मोजल्या. आकडे सरळ, पाच-सात फुटांचा फरक. मग कपाटातून चार नंबर काढली. डायलवरची चिकटपट्टी तशीच होती, कडा काळ्या पडल्या होत्या. सिलिंडर भरला, बोगदा नळीच्या समोर बसवला आणि रोजच्यासारख्या पाच गोळ्या मारल्या. पाचशे सत्तरच्या आसपास, एकदम ठीक. गिऱ्हाइकाला हाच आकडा पाठवून मी मोकळा होऊ शकलो असतो. हात तिथे थांबलाही. मग मी पुढे मारत गेलो. विसाव्या गोळीला पाचशे पंचावन्न. पंचविसाव्याला पाचशे तीस. एकतिसाव्याला पाचशेच्या खाली. चाळिसाव्याला साडेचारशे. मी प्रत्येक आकडा कागदावर उतरवत होतो.

छर्रा मंद झाला की हवेत जास्त वेळ राहतो आणि तेवढाच जास्त खाली येतो. दहा मीटरवर हा फरक बोटभरसुद्धा नसतो, करंगळीच्या नखाएवढा असतो. पण टार्गेटवरची वर्तुळं काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढ्या अंतराने असतात. नखाएवढं खाली म्हणजे दहाचे सहा, आणि बरोबर सहा वाजता. शाळेत विज्ञान शिकवणार्‍या माणसाच्या शेजारी खुर्ची टाकून मी तीस वर्षं बसलो, त्याला कधी विचारलं नाही.

काका आता थकलेत, सायकल सुटली. रायफल घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. कागद दाखवला. त्यांनी तो वाचला आणि घडी घालून परत दिला. मला वाटलं होतं निदान दोन शब्द लावतील. त्यांनी पेटी ओढली, रायफल खोलली आणि हवेच्या वाटेवरची एक रबरी रिंग चिमटीने काढून माझ्या तळहातावर ठेवली. बाहुलीच्या बांगडीएवढी. एका बाजूला चिरलेली. दुसरी बसवली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली, त्यातली तीन चष्मा शोधण्यात.

"चहा घेणार का मास्तर?" काकांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

कावेरी कुठे आहे ते तिच्या गावच्या एका शिक्षकाने सांगितलं. लग्न झालंय, नवर्‍याबरोबर टोळीत असते, आईबापाची जोडीही त्याच टोळीत. दरवर्षी पुणतांब्याकडे येतात. दिवाळी झाल्यावर मी गेलो. गोदावरीच्या काठचा ऊस, डोक्याच्या वर. अर्धा फड तुटला होता. विचारत विचारत गेलो तर ती उसाच्या वाळल्या पाल्यात, पाचटात बसून मोळी बांधत होती. डोक्याला फडकं, साडीवर नवर्‍याचा जुना शर्ट. बांधाला बाभळीला झोळी बांधलेली, त्यात पोर.

तिने मला लगेच ओळखलं. उभी राहिली, शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या. "सर, तुमी? हितं?"

मी जे बोलायचं ते गाडीवर घोकत आलो होतो. त्यातलं काहीच आठवलं नाही. सरळ सांगितलं की चार नंबर मोजली, वेग पडत होता, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. कागद पुढे केला. तिने तो घेतला नाही, हात मातीचे होते. मी खिशातून रिंग काढली आणि तिला दाखवली. ती तिने घेतली. बोटावर ठेवून फिरवली, चिरलेली जागा नखाने उघडून बघितली.

"येवढीशी?"

"एवढीच."

"किती येळ लागला बदलाया?"

"दहा मिनिटं."

तिने रिंगेची चीर दाबून मिटवली. कोयत्यांचे आवाज येत होते. मग म्हणाली, "मला ठावं हुतं सर. तवाच ठावं हुतं. पर तुमी रोज म्हनायचा, मन थार्‍यावर न्हाई. तुमी म्हनला, मंग बाप म्हनाया लागला. मंग ठावं आसल्यालं बी जात ऱ्हायलं. आता पोरगं रडाया लागलं न् गप र्‍हाईना, तर मला वाटतं आपलंच ध्यान नसंल. भाकर करपली तरी तसंच वाटतं."

मी म्हटलं, "कावेरी, मला माफ कर." तिने झोळीकडे एकदा बघितलं. तिने विचारलं, "माझ्यामागं कुनाला दिली ती?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. इतके आकडे लिहिले, त्यांच्याखाली ही नावं लिहायचं मला सुचलं नव्हतं. उभ्या उभ्या मी आठवायला लागलो. पूजा. सानिका. रुबीना. वांबोरीच्या दोन बहिणी, त्यांनी तर एकाच वर्षात सोडलं. सगळ्यांना चार नंबर, सगळ्यांना श्वास.

"त्यास्नी सांगितलं का?"

"नाही. तुझ्याकडे पहिल्यांदा आलो."

"मंग जावा की," ती म्हणाली. "मी काय, पाडव्यापतूर हितंच हाय."

मोळी झाली होती. उचलायला मी वाकलो तर म्हणाली, "र्‍हाऊ द्या, तुमाला न्हाई जमायची." तिने ती मांडीवर घेतली, एका झटक्यात डोक्यावर. तीच मान, जराही हलली नाही. रिंग अजून तिच्या हातातच होती. मला वाटलं ती परत देईल, म्हणून मी हात पुढे केला.

"ही र्‍हाऊ द्या माझ्याकडं," ती म्हणाली. एका हाताने मोळी धरून दुसर्‍या हाताने तिने रिंग पदराच्या टोकात ठेवली आणि दातांनी गाठ मारली. "तो कागद तुमी ठिवा. बापाला वाचाया येत न्हाई. ही दावते त्याला."

पाचट तुडवत ती उसाच्या गाडीकडे गेली. पलीकडच्या सरीत एक म्हातारा पाठमोरा ऊस तोडत होता, टोपी तीच. मी त्याच्यापर्यंत गेलो नाही. चाळीस आकड्यांचा कागद हातात घेऊन तिथेच उभा राहिलो.